ऑर्डर फोनवर आली, माल गेला, बिल अडकलं

"काका, नमस्कार. गोव्यात साखळी गावच्या बाजारात आमचं छोटं दुकान आहे. पुढे स्टेशनरी, मागे छपाईचं मशीन आणि बॅनरचं काम. दुकान माझ्या नावावर आहे, मशीन दीर चालवतात. फेब्रुवारीत जवळच्याच एका सरकारी कार्यालयातून फोन आला की रजिस्टरं, फायली, छापील फॉर्म आणि एका कार्यक्रमाचे बॅनर पाहिजेत, लवकर द्या, ऑर्डर मागाहून काढतो. कारकून आमच्याच वाड्यावरचे, ओळख वर्षानुवर्षांची. तीन खेपांत माल दिला, उतरवून घेणाऱ्याने आमच्या चिठ्ठीवर सही केली. १,५८,००० रुपयांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी, असं १,८६,४४० चं बिल लावलं. मार्च गेला आणि बिल परत आलं. आता ते सांगतात, पन्नास हजारांच्या आतली चार बिलं करा, वेगवेगळ्या तारखांची. शिवाय दुसऱ्या दोन दुकानांची जास्त दराची कोटेशनं तुम्हीच आणून द्या. ओळखीच्या दोघांनी शिक्का मारलेली कोरी लेटरहेडं दिली आहेत, ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहेत. 'जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) आहात का, उद्यम (छोट्या उद्योगांची नोंदणी) आहे का' असंही विचारलं. दोन्ही नाहीत. जीएसटी आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत भरतो. कागदाच्या व्यापाऱ्याचे पैसे थकलेत, गणपतीची चवथ तोंडावर आली आहे. ते सांगतात तसं करून पैसे मोकळे करून घेऊ का?"
एक वाचक, साखळी

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चार बिलं करू नका आणि त्या लेटरहेडांवर एक अक्षरही लिहू नका. तुम्ही खरा माल दिला आहे आणि तो वापरला गेला आहे, पैसे तुमच्या हक्काचे आहेत. आज ह्या प्रकरणात चूक कार्यालयाची आहे, कारण ऑर्डर न काढता माल मागवला. ज्या दिवशी तुम्ही खऱ्या मालाला खोटा कागद जोडाल, त्या दिवसापासून चूक तुमचीही होईल, आणि त्या कागदावर सही तुमची असेल, कारकुनाची नसेल.

पणजीत बिलं तपासण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली. अशी जोडलेली कोटेशनं ओळखायला फार हुशारी लागत नाही. एकदा माझ्यासमोर तीन दुकानांची तीन कोटेशनं आली. कागद वेगळे, शिक्के वेगळे, पण एकाच वस्तूचं स्पेलिंग तिन्हीकडे एकसारखं चुकलेलं. वस्तूंचा क्रमही तोच. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर एकाच माणसाने टाइप केली होती. बिल परत गेलं, चौकशी लागली. ज्याने खरोखर माल दिला होता तो दुकानदार वर्षभर खेपा घालत राहिला. त्याचा माल उत्तम होता. तरी त्याचं कोणी ऐकून घेईना, कारण फाइलमध्ये खोटेपणा त्याच्या नावाने बसला होता. त्याचा तो पडलेला चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तुम्हाला एवढं कळकळीने सांगतोय.

आता नियम काय म्हणतात ते समजून घ्या, म्हणजे तुम्हाला जे सांगितलं जातंय त्यात खरं किती ते कळेल. खरेदीच्या टिपणीवर तुम्हाला 'जीएफआर' असं लिहिलेलं दिसेल. हे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७. नियम १५४ म्हणतो, छोट्या रकमेची खरेदी कोटेशनाशिवाय करता येते, फक्त अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की माल हव्या त्या दर्जाचा आहे आणि भरवशाच्या पुरवठादाराकडून वाजवी दराने घेतला आहे. ही मर्यादा आधी २५,००० होती, २०२४ च्या जुलैत केंद्राने ती ५०,००० केली. त्याच्यावर ५ लाखांपर्यंत नियम १५५ लागतो. इथे तीन जणांच्या स्थानिक खरेदी समितीने बाजार पाहायचा, दर, दर्जा आणि पुरवठादार ठरवायचा आणि तिघांनी मिळून सही करायची. राज्याच्या खात्याला, महामंडळाला, पंचायतीला आपापली खर्चाच्या अधिकाराची मर्यादा असते, ती त्या त्या कार्यालयाच्या लेखा विभागात विचारली की सांगतात. रक्कम कमीजास्त असेल, पण मूळ रीत हीच.

म्हणजे बाजार पाहण्याचं काम समितीचं आहे. 'दुसऱ्यांची कोटेशनं तुम्हीच आणा' हे कुठल्याही नियमात नाही. तुमच्याकडून मागायचं ते फक्त तुमचं कोटेशन. ही रीत इतकी रुळली आहे की कारकुनालाही त्यात काही वावगं वाटत नसेल, तुमच्या ओळखीच्या त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. पण नियम १७५ मध्ये विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पाळायची सचोटीची संहिता आहे. संगनमत आणि बोली आपसात ठरवणं त्यात स्पष्ट मना आहे, आणि ते मोडणाऱ्या पुरवठादाराला दोन वर्षांपर्यंत खरेदीतून बाहेर ठेवता येतं. स्पर्धा कायद्यातही बोली फिरवण्यावर दंड आहे. तुम्हाला ती लेटरहेडं ज्यांनी भाबडेपणाने दिली, ते दोघेही त्यात ओढले जातील.

चार बिलांचं तसंच. १,८६,४४० चे चार भाग केले की प्रत्येक ४६,६१० होतो, पन्नास हजारांच्या आत, म्हणजे समिती नको आणि कोटेशनही नको. नियम १५७ नेमकं हेच मना करतो: वरची मंजुरी किंवा बोली टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे करायचे नाहीत. आता तुमची तीन खेपांची तीन चलनं, म्हणजे त्या सहीच्या चिठ्ठ्या आहेत, तेवढ्या तारखा खऱ्या आहेत. चौथी तारीख कुठून आणणार? पर्वरीच्या महालेखापाल कार्यालयाचे ऑडिटर स्टॉक रजिस्टर आणि बिल शेजारी ठेवून बघतात. मालाची नोंद फेब्रुवारीची आणि बिल जूनचं, हे लपत नाही.

मग पैसे कसे काढायचे? इथे थोडा सविस्तर बोलतो, कारण तुमची खरी अडचण ही आहे.

सगळ्यात आधी घरातला कागद गोळा करा. सही असलेल्या तिन्ही चिठ्ठ्या. त्यांच्या आजच फोटोकॉपी काढा आणि मूळ प्रती कोणाच्या हातात देऊ नका, 'साहेबांना दाखवून आणतो' म्हटलं तरी नाही. बॅनरची डिझाइनं व्हॉट्सअ‍ॅपवर गेली असतील, 'ठीक आहे, छापा' असं उत्तर आलं असेल, त्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ संदेश फोनमधून पुसू नका. कार्यक्रमात तो बॅनर लागलेला फोटो असेल तर तोही ठेवा. ज्या दिवशी मागणीचा फोन आला, त्याची फोनमध्ये नोंद असेल, तीही. कागदाच्या व्यापाऱ्याची खरेदी बिलं जोडीला ठेवा, त्यांवरून कळतं की तेवढ्या दिवसांत तेवढा कागद तुम्ही खरोखर आणला होता.

दुसरं, तुमचं बिलच चुकलंय, ते आधी दुरुस्त करा. कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. व्यापार किंवा उत्पादन करणाऱ्याने उलाढालीच्या १ टक्का आपल्या खिशातून भरायचा, बिलाला 'बिल ऑफ सप्लाय' म्हणायचं आणि वर लिहायचं की आम्ही कंपोझिशन करदाते आहोत, पुरवठ्यावर कर गोळा करण्यास पात्र नाही. तुम्ही २८,४४० रुपये कर म्हणून लावलेत. ते पैसे अजून हातात आले नाहीत हे एका परीने बरं झालं, कारण घेतले असते तर ते सरकारात भरावे लागले असते आणि वर दंडाचा प्रश्न आला असता. ते २८,४४० आता विसरा, ताई. वाईट वाटेल, पण ते तुमचे नव्हते. माझी शंका अशी आहे की बिल परत यायचं एक कारण हेही असावं, कारण लेखा विभाग जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहतो आणि तिथे कंपोझिशन लगेच दिसतं.

तिसरं, कार्यालयप्रमुखाच्या नावाने पत्र. कारकुनाच्या नावाने नको. पत्र लांबवू नका, कोणावर आरोप करू नका. एवढंच लिहा: "आपल्या कार्यालयाच्या तोंडी मागणीनुसार अमुक, अमुक आणि अमुक तारखेला सोबतच्या यादीतला माल पुरवला आहे. तो स्वीकारल्याच्या चलनांच्या प्रती जोडल्या आहेत. आधी दिलेल्या बिलात कर चुकीने दाखवला होता, म्हणून ते बिल मागे घेऊन नवीन बिल जोडत आहे. ह्या खरेदीला कार्योत्तर मंजुरी घेऊन रक्कम अदा करावी. कागदपत्रांत काही त्रुटी असल्यास लेखी कळवावी." पत्राच्या दोन प्रती न्या. आवक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घ्या. तो नंबर मिळाल्याशिवाय उठू नका. तोंडी बोलणं दिवसभर चालतं आणि संध्याकाळी त्याचा मागमूस राहत नाही. इनवर्ड नंबर पडला की उत्तर देण्याची पाळी कार्यालयाची.

'कार्योत्तर मंजुरी' हा शब्द लक्षात ठेवा. आधी घ्यायची मंजुरी राहून गेली असेल तर कारण लिहून ती नंतर सक्षम अधिकाऱ्याकडून घेता येते. त्यासाठी कार्यालयाला आपली चूक फाइलवर कबूल करावी लागते, म्हणून ते टाळतात आणि तुम्हाला चार बिलांची वाट दाखवतात. त्यांना ती वाट सोपी आहे. शिवाय ३१ मार्चला गेल्या वर्षाची तरतूद संपली, आता हे पैसे चालू वर्षाच्या तरतुदीतून द्यावे लागतील आणि बिल मागचं का, हे त्यांना लिहावं लागेल. ह्याला वेळ लागतो. चवथीआधी पैसे हातात पडतील असं मी सांगू शकत नाही, आणि खोटी आशा देणार नाही. कागदाच्या व्यापाऱ्याला जाऊन भेटा, इनवर्ड पडलेलं पत्र दाखवा, थोडी रक्कम द्या आणि मुदत मागा. धंद्यातला माणूस असं पत्र ओळखतो.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहिती हक्काचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. अर्जात 'माझे पैसे का दिले नाहीत' असं विचारू नका, त्याला गोल उत्तर येतं. अमुक इनवर्ड नंबरच्या पत्रावर झालेल्या टिपणीची प्रत, आणि फेब्रुवारी-मार्च महिन्यांतल्या स्टॉक रजिस्टरच्या संबंधित पानांची प्रत मागा. तुमची रजिस्टरं आणि फायली तिथे चढवलेली असतील तर माल मिळाल्याचा पुरावा कार्यालयाच्याच हस्ताक्षरात तुमच्या हाती येईल.

आणि मनात अशी भीती असेल की ऑर्डर लेखी नाही, म्हणजे आपला हक्कच नाही, तर ती काढून टाका. सरकारशी करार लेखी आणि राज्यघटनेच्या कलम २९९ च्या रीतीने व्हावा लागतो, हे खरं. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० सांगतं की फुकट द्यायचा हेतू नसताना कोणी दुसऱ्याला वस्तू दिली किंवा काम करून दिलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यावा किंवा वस्तू परत करावी. बंगालमधल्या बी. के. मंडल अँड सन्स ह्या ठेकेदाराने नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकामं करून दिली होती आणि करार रीतसर नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ह्याच कलमाखाली त्याच्या बाजूने निकाल दिला. वकिलाकडे गेलात तर हे प्रकरण त्यांना माहीत असेल. मुदत मात्र सांभाळा: माल दिल्यापासून साधारण तीन वर्षं, आणि सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस. तिथवर जावं लागू नये अशी माझी इच्छा आहे. पण तो रस्ता आहे हे माहीत असलं की माणूस कार्यालयात नीट ताठ बसून बोलतो.

मधल्या काळात कोणी 'बिल काढून देतो, आमचं काही बघा' म्हणालं, तर २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, हे ध्यानात असू द्या. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केलेल्याला संरक्षण आहे. तक्रार दक्षता संचालनालयात करता येते.

आता पुढच्या वेळचं. तुमच्याकडे मशीन आहे, हात आहेत, सरकारी काम तुम्ही सोडावं असं मला वाटत नाही. उलट तुमच्यासारख्यांनी ते करावं. त्यासाठी काही कागद आधीच तयार असायला हवेत.

उद्यम नोंदणी आधी करा. सरकारच्या अधिकृत पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतात. कोणाला हजार-दोन हजार द्यायची गरज नाही. भरताना एक गोष्ट नीट बघा, कारण इथे बरेच दुकानदार चुकतात: कामाच्या प्रकारात फक्त किरकोळ व्यापार लिहू नका, छपाई लिहा. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम मिळतं, पण त्यांना लाभ फक्त बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यालाच २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्याचं उशिराच्या पैशांबाबतचं संरक्षण आहे. तो कायदा म्हणतो, करारात काहीही लिहिलं असलं तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते आणि ती राज्याच्या सुविधा परिषदेपुढे जाते. तुम्ही छापलेले फॉर्म आणि बॅनर ह्यात बसतात, विकत आणून विकलेल्या फायली बसत नाहीत. म्हणून पुढे दोन्हींची बिलं वेगळी करा. आत्ताच्या बिलाला मात्र ह्याचा आधार घेता येईल असं धरून चालू नका, माल देताना नोंदणी नव्हती.

दुकान तुमच्या नावावर आहे, हे केंद्राच्या कार्यालयांत आणि कंपन्यांत कामाला येतं. २०१२ च्या धोरणानुसार त्यांनी वर्षाच्या खरेदीचा २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून घ्यायचा, त्यातले ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून. अनामत रक्कम आणि टेंडर फी माफ. गोवा शिपयार्ड आणि मुरगाव बंदर ही दोन्ही ठिकाणं ह्याच धोरणाखाली येतात. राज्याच्या खात्यांना हे धोरण बांधील नाही, पण हे दरवाजे तुम्हाला साखळीत बसून ठोठावता येतात. इथेही व्यापारी धरले जात नाहीत, छपाईच लागते.

जेमचा एवढा बाऊ करू नका. केंद्राच्या कार्यालयांना तिथे मिळणारी वस्तू तिथूनच घ्यावी लागते, राज्याचं खातंही तिथून घेऊ शकतं. पॅन, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं असलं की खातं उघडतं. तिथली एक गोष्ट मला फार आवडते: आधी ऑर्डर निघते, मगच माल. माल पोचला की पावती, मग तपासून स्वीकारल्याचं प्रमाणपत्र दहा दिवसांत, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, अशी तिथली रीत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात पैशांना उशीर होतो, पण कुठे अडलंय ते पडद्यावर दिसतं. उशीर तुमच्याकडून झाला तर मात्र आठवड्याला अर्धा टक्का कापतात, कमाल दहा टक्के. म्हणून मशीनला जेवढं जमेल तेवढंच कबूल करा. आणि कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. दोडामार्ग तुम्हाला अर्ध्या तासावर असलं तरी ते महाराष्ट्रात, तिथली ऑर्डर घ्यायची नाही. सरकारी काम वाढलं तर कंपोझिशनमध्ये राहायचं की साधी नोंदणी घ्यायची, हे एकदा तुमच्या कर-सल्लागाराजवळ बसून हिशोब मांडून ठरवा. कंपोझिशनमध्ये सेवेच्या कामाला वेगळी मर्यादा असते, तुमच्या बॅनर-छपाईचा त्यात कसा हिशोब धरायचा हेही त्यांनाच विचारा.

बँकेचं एक छोटं काम आहे, पण ते राहिलं तर पास झालेलं बिलही परत येतं. बिलावरचं दुकानाचं नाव, पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव ह्यांचा मेळ पाहा. जुनी चेकबुकं अजून घरोघरी आहेत. सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये. जुन्या चेकवरचा आयएफएससी दिलात तर पैसे पोचत नाहीत. रद्द केलेला चेक नव्या पुस्तकातला द्या.

पैसे आल्यावर रक्कम कमी दिसली तर घाबरू नका. करारच अडीच लाखांच्या वरचा असेल तर सरकारी कार्यालय जीएसटीपोटी २ टक्के कापतं. तुमचं हे काम त्याच्या आतलं आहे. पुढे कधी कापलं गेलं तर पोर्टलवर ती नोंद स्वतः स्वीकारावी लागते, तेव्हाच ती तुमच्या रोख खात्यात जमा होते. कित्येकांचे पैसे तिथे नुसते पडून असतात. प्राप्तिकराची कपात कामाच्या ठेक्यावर असते, स्वतःचा कागद वापरून छापून विकलेल्या मालावर सहसा नाही. तरी एक टक्का कापला असेल तर रिटर्नमध्ये दाखवून परत मागा. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते, म्हणून पॅन प्रत्येक बिलावर छापून टाका.

राहिली ती सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती कागदाची नाही. ओळखीच्या माणसाकडे ऑर्डर मागायची कशी? आपल्याकडे गाव लहान, देवळात भेट होते, जत्रेला एकत्र असतो, मग 'आधी लेखी द्या' म्हटलं की माणूस दुखावतो असं वाटतं. नोकरीत असताना मी एका सुताराचं बिल पाहिलं होतं. मुख्याध्यापकांच्या शब्दावर त्याने शाळेला बाकं करून दिली होती. मुख्याध्यापकांचा शब्द खरा होता, मन साफ होतं. पण बिल लागायच्या आत त्यांची बदली झाली. नवीन आलेल्यांना काही माहीत नाही, फाइलमध्ये काही नाही. शेवटी शिपायाची सही असलेलं एक चलन निघालं आणि त्यावर सगळं उभं राहिलं. पैसे मिळाले, फार उशिरा. तुमच्या वाड्यावरचे ते गृहस्थही उद्या पेडण्याला किंवा काणकोणला बदलून जाऊ शकतात. ऑर्डर मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसासाठी तो कागद लागतो, असं त्यांना मोकळेपणाने सांगा.

पुढच्या वेळी फोन आला की नाही म्हणू नका. म्हणा: "दर आत्ता लिहून पाठवते. माल तयार ठेवते. ऑर्डर सहीची आली की त्याच दिवशी पोचवते." दरपत्रकात कर धरून की वेगळा, दर किती दिवस चालेल आणि पोचवणं धरून आहे का, ह्या तीन गोष्टी लिहा. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा वह्यांवरचा कर शून्य झाला आणि ए-फोर कागदावरचा १२ चा १८ झाला. ज्यांनी मुदत लिहिली नव्हती ते जुन्या दराला अडकले. ऑर्डर हातात आली की त्यावर क्रमांक, तारीख, वस्तू, दर आणि सही पाहा. माल देताना चलनावर नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का घ्या, नुसती रेघोटी नको. बिलावर स्टॉक रजिस्टरचं पान त्यांच्याकडून लिहून घ्या. पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा, ५,००० च्या वरच्या रकमेला तो लागतो.

आजचं काम एवढंच: नवीन बिल करा, पत्र लिहा, सोमवारी सकाळी दीरांना बरोबर घेऊन जा आणि आवक टेबलावर द्या. ते गृहस्थ भेटले तर नीट बोला, घरच्यांची विचारपूस करा, आणि शांतपणे सांगा की चार बिलं आणि दुसऱ्यांची कोटेशनं आम्ही देणार नाही, कार्योत्तर मंजुरीला लागेल तो प्रत्येक खरा कागद देऊ. आणि ड्रॉवरमधली ती दोन लेटरहेडं आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ज्याची त्याला परत नेऊन द्या. दोघांनाही सांगा, शिक्का मारलेला कोरा कागद ह्यापुढे कोणालाही देऊ नका, मलासुद्धा नको.